दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीचा टायमिंग बेल्ट: कधी बदलायचा आणि कसा बदलून घ्यायचा

टायमिंग बेल्टचा खरा वैताग हा की तो जायच्या आधी फारसं काही सांगत नाही. ब्रेक पॅड संपले की करकरतात, क्लच बसला की चढावर कळतं, बॅटरी चार दिवस आधीपासून सकाळी नखरे करते. बेल्ट मात्र एक्सप्रेसवेवर शंभरच्या स्पीडला व्यवस्थित चालू असतो आणि पुढच्या क्षणी नसतो, आणि मग हेड, म्हणजे इंजिनचा वॉल्व असलेला वरचा भाग, उतरवायची वेळ येते. त्यामुळे "अजून आवाज नाही ना, मग चालू दे" हे लॉजिक इथे उपयोगाचं नाही. सव्वा-दीड लाखाच्या पुढे गेलेली गाडी तुमच्याकडे असेल, किंवा तशी घ्यायचा विचार चालू असेल, तर बेल्ट कधी बदलायचा हे बहुतेक वेळा बेल्टपेक्षा जुन्या बिलावरूनच ठरतं. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून चालायचं, मागचा मालक कितीही शपथा घेऊ दे.

बेल्टचं काम थोडक्यात असं. इंजिनमध्ये खाली क्रँक नावाचा दांडा फिरतो, वर कॅम नावाचा दांडा फिरतो, क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. कॅम वॉल्व, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, उघडतो-मिटतो, क्रँक पिस्टन वरखाली करतो, आणि दोघांचा मेळ घालून देणारी एकच गोष्ट म्हणजे हा दातेरी रबरी पट्टा. त्याच्या आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात, ताण त्या घेतात. आता डिझेल इंजिनमध्ये पिस्टन पार वर आला की त्याच्यात आणि हेडमध्ये एखाद्या मिलिमीटरच्या आसपासच जागा उरते. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही वॉल्व उघडेच राहतात, पिस्टन मात्र गाडीच्या वेगाने वर येतच असतो. वॉल्व वाकतात, कधी रॉकर तुटतात, कधी कॅमला पण मार बसतो. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि वॉल्व भेटत नाहीत, गाडी फक्त बंद पडते, पण आपलं इंजिन त्यातलं असेल या आशेवर राहायचं नाही आणि डिझेलवाल्यांनी तर अजिबात नाही.

आधी बघा, बेल्ट आहे की चेन

हे आधी नक्की करा, कारण निम्मे लोक इथेच विनाकारण घाबरतात. काही इंजिनांत हेच काम रबरी पट्ट्याऐवजी धातूची चेन करते, तिथे बदलायला बेल्टच नसतो. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा वगैरे गाड्यांतलं १.३ मल्टिजेट डिझेल चेनवर चालतं. महिंद्राचं २.२ एमहॉक पण चेनवर. जुनी २.५ इनोव्हा, म्हणजे २००५ ते २०१६ वाली, बेल्टवर, आणि नंतर आलेली २.४ क्रिस्टा चेनवर. एस-क्रॉसची गंमत बघा, एकाच शोरूममध्ये एकाच नावाची गाडी, १.३ डिझेल घेतली असेल तर चेन आणि १.६ घेतली असेल तर बेल्ट. डस्टरचं आणि टेरानोचं १.५ डिझेल बेल्टवर, पोलो-व्हेंटो-रॅपिडची डिझेल इंजिनं बेल्टवर, फिगो-फिएस्टा-इकोस्पोर्टची १.४ आणि १.५ टीडीसीआय बेल्टवर, कंपास-हॅरियर-हेक्टरचं २.० डिझेल बेल्टवर. जुन्यात इंडिका डिझेल आणि सँट्रो झिंग पण बेल्टवालीच. म्हणजे गाडीच्या नावावरून ठरवायचं नाही, इंजिनवरून ठरवायचं.

बोनेट उघडून ओळखायचा साधा उपाय असा की इंजिनच्या ज्या बाजूला फॅन बेल्ट (बाहेरून दिसणारा, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा) असतो तिकडे वर प्लास्टिकचं, क्लिपा आणि छोटे बोल्ट असलेलं कव्हर दिसलं तर आत बहुतेक बेल्ट असतो, आणि सगळं धातूचं, सील लावून पॅक केलेलं कव्हर असेल तर बहुतेक चेन. चेन तेलात फिरते म्हणून तिला तसं बंद कव्हर लागतं. याला अपवाद आहे, इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्ट पेट्रोलमध्ये बेल्ट असूनही तो इंजिन ऑइलमध्ये भिजलेला फिरतो, आणि तिथे चुकीच्या ग्रेडचं ऑइल टाकलं की बेल्टचे कण सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि अख्ख्या इंजिनची तेलाची तहान भागत नाही. ती गाडी असेल तर ऑइलच्या बाबतीत कंजूषपणा नको. आणि चेनवाल्यांनी पण फार खूश होऊ नका, ऑइल वेळेवर न बदललेली चेन पण ताणते, फक्त ती सकाळी स्टार्ट करताना खडखड करून आधी कळवते तरी.

मग कागद

सर्व्हिस बुक, जॉबकार्ड, बिलं, जे असेल ते काढा. बोनेटखाली किंवा बेल्टच्या कव्हरवर स्टिकर चिकटवलेला असतो का बघा, चांगलं गॅरेज त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतं. बिलावर नुसतं "टायमिंग काम केले" असं असेल तर त्याला अर्थ नाही, बेल्ट, टेन्शनर (बेल्टचा ताण धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी मोकळी पुली) अशा वेगळ्या लाइनी आणि पार्ट नंबर दिसले पाहिजेत. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर तिथे गाडीच्या नंबरवरून जुनी हिस्टरी निघते, विचारायला लाजू नका.

सेकंड हॅन्ड गाडीत इथे दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे मीटर मागे घेतलेलं. पिवळ्या पाटीवर वर्षानुवर्षं शिर्डी-नाशिक-मुंबई मारलेली इनोव्हा नंतर पांढऱ्या पाटीवर येते आणि मीटरवर दिसतात नव्वद हजार. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या स्वस्तात इकडे आल्या, त्यांच्याबरोबर कागद क्वचितच येतात. अशा वेळी सर्व्हिस हिस्टरी, इन्शुरन्सच्या वेळचे फोटो, पीयूसीच्या पावत्या, टायरवरची तारीख असं सगळं जुळवून खरा आकडा काढायचा प्रयत्न करायचा, आणि नाही जमला तर सरळ बेल्टचा खर्च गाडीच्या किमतीतून कापून मागायचा. विकणारा कुरकुर करेल, करू दे.

दुसरं म्हणजे इनोव्हाच्या डॅशबोर्डवरचा टी-बेल्टचा दिवा. लोकांना वाटतं आत कुठेतरी सेन्सर आहे आणि तो बेल्ट झिजला की कळवतो. तसं काही नाही. तो दिवा फक्त किलोमीटर मोजतो, ठरलेला आकडा झाला की लागतो. म्हणजे बेल्ट न बदलता कोणी दिवा रीसेट केला तर तो गप्प बसतो, आणि बेल्ट बदलून रीसेट करायचा राहिला तर उगाच पेटतो. मीटरच मागे घेतलं असेल तर दिव्यावर काय विश्वास ठेवणार.

किलोमीटर, वर्षं, आणि तास

आता मुख्य मुद्दा. कंपन्यांचे आकडे साधारण साठ हजारापासून दीड लाखाच्या घरात असतात, इंजिनप्रमाणे फरक पडतो, काहींचे त्याहून पण लांब. तुमच्या गाडीच्या भारतातल्या मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच धरा. नेटवर युरोपातल्या मालकाने त्याच इंजिनवर किती काढले ते वाचून खूश होऊ नका, तिकडची हवा थंड, धूळ कमी, आणि त्यांच्या मॅन्युअलमधला आकडा त्या हिशोबाने. बऱ्याच मॅन्युअलमध्ये धूळ, ट्रॅफिक, सततचा लोड यासाठी वेगळा कॉलम पण असतो, आपली जवळपास प्रत्येक गाडी त्याच कॉलममध्ये बसते.

किलोमीटरबरोबर वर्षांची अट असते, आणि जे आधी होईल ते. ही अट लोक सोयीस्करपणे विसरतात. आठ वर्षांत पंचावन्न हजार फिरलेली गाडी ऐकायला फार छान वाटते, पण रबराला गाडी उभी असतानाही वय होतं, बोनेटखालची उष्णता, गरम-थंड होणं, सगळं चालूच असतं. माझं मत विचाराल तर मॅन्युअलमध्ये वर्षं दिलेली नसतील तरी सहा वर्षांच्या पुढे जुना बेल्ट ठेवू नये.

तिसरी गोष्ट तास, आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. हिशोब करून बघा. हायवेवर सरासरी ५० च्या वेगाने एक लाख किलोमीटर काढले तर इंजिन चाललं २,००० तास. सरासरी २,००० आरपीएम धरला तर क्रँकचे फेरे झाले २४ कोटी. तीच गाडी ठाणे-अंधेरी किंवा कात्रज-हिंजवडी करत असेल आणि सरासरी २० पडत असेल, तर त्याच एक लाखाला ५,००० तास लागले. आरपीएम कमी असेल, मान्य, पण बेल्ट अडीच पट वेळ गरम बोनेटखाली फिरत राहिला, बेअरिंग पण. एसी लावून स्टँडवर तासन् तास उभ्या असणाऱ्या टुरिस्ट गाडीचं तर मीटर त्या वेळात एक किलोमीटरपण पुढे जात नाही. मीटर कन्सोलमध्ये ॲव्हरेज स्पीड दिसत असेल तर एकदा बघा, पंचविसाच्या खाली असेल तर मॅन्युअलच्या आकड्याच्या पाऊणपटीलाच बेल्ट बदलून टाका. म्हणजे लाखाचा आकडा असेल तर पंचाहत्तर हजाराला. हा नियम माझा आहे, कंपनीचा नाही, पण कंपनी हेड बांधून द्यायला येणार नाही.

ज्यांची गाडी दोन लाखाच्या आसपास आहे आणि लाखाच्या सुमारास एकदा बेल्ट झालाय, त्यांनी दुसऱ्या वेळेला जास्त काळजी घ्यायची. पहिल्या वेळी पुष्कळ जण पैसे वाचवायला नुसता पट्टा टाकतात आणि टेन्शनर-आयडलर जुनेच ठेवतात, तेव्हा ते निभावून जातं. पण त्यांची बेअरिंग आता दोन लाखाची झालेली असतात. दुसरा बेल्ट वेळेआधी गेला असं जेव्हा ऐकायला येतं तेव्हा बऱ्याचदा बेल्ट बिचारा ठीक असतो, आयडलर जाम होऊन त्याने तो खाल्लेला असतो.

गाडीला पंधरा वर्षं होत आली, आरसी संपायला सहा महिने, मग खर्च करायचा का हा प्रश्न पण येतो. पुन्हा रजिस्ट्रेशन करून वापरणार असाल तर करायचाच. विकणार असाल तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगा आणि तोवर लांबचे प्रवास टाळा.

कव्हर उघडून काय दिसतं

वरच्या कव्हरच्या क्लिपा काढून टॉर्च मारला की बेल्टचा थोडा भाग दिसतो. इंजिन बंद आणि थंड असताना, बोटं आत घालायच्या आधी चावी काढून खिशात. बघायचं ते असं: बेल्टच्या कडेला धागे सुटून केसाळ झालंय का, पाठीमागची बाजू आरशासारखी चकचकीत झालीये का, दातांच्या मुळाशी चीर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल. कॅमच्या किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून गळती असेल तर कव्हरच्या आत काळपट चिकट थर बसलेला असतो, धूळ त्यात मिसळून त्याचा लेप होतो. तेल लागलेला बेल्ट पुसून परत वापरायचा नसतो, सील बदलून बेल्ट पण नवा टाकायचा, भले तो वीसच हजार चाललेला असो. वॉटर पंपाच्या खाली गुलाबी किंवा हिरवट पांढरी खपली दिसली तर कुलंट झिरपतंय. टेन्शनरच्या भोवती विटकरी रंगाची बारीक पूड दिसली तर बेअरिंगने गंज धरलाय.

पण एक लक्षात घ्या, आजकालचे बेल्ट ज्या रबराचे असतात त्यांना जुन्या बेल्टसारख्या सहज चिरा पडत नाहीत. संपत आलेला बेल्ट पण दिसायला ठणठणीत दिसतो. म्हणजे वाईट दिसला तर लगेच बदला, चांगला दिसला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. मेकॅनिकने अंगठ्याने दाबून "अजून तीस हजार आरामात" असं सांगितलं तर हसून सोडून द्या.

आवाजाचं म्हणाल तर सकाळी थंड स्टार्टला बेल्टच्या बाजूने घरघर किंवा बारीक शिट्टी येणं हे बहुतेक बेअरिंगचं लक्षण असतं, एकदा फॅन बेल्ट काढून दोन-चार सेकंद इंजिन चालवून बघितलं की आवाज बाहेरच्या पुलीचा की आतला ते कळतं. स्टार्टिंग जड झालं, पिकअप पडला, चेक लाइट लागून स्कॅनरवर पी ००१६ हा कोड आला, तर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याची शक्यता असते, बेल्ट एखादा दात सरकलेला असू शकतो. अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका. जुन्या बेल्टच्या गाडीला धक्का स्टार्ट पण देऊ नका, गिअरमध्ये टाकून क्लच सोडताना जो झटका बसतो त्यात दात सरकायला निमित्त मिळतं, जंपर केबल वापरा. आणि फॅन बेल्ट फाटायला आला असेल तर तोही वेळेवर बदला, त्याचे धागे क्रँक पुलीमागून आत शिरून टायमिंग बेल्टमध्ये गुंडाळले गेल्याच्या केसेस होतात, शे-पाचशेच्या पट्ट्यापायी पूर्ण इंजिन.

सामान काय काय घ्यायचं

पूर्ण किट घ्या. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, आणि जिथे वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो तिथे वॉटर पंप पण. डस्टर डिझेल, पोलो-व्हेंटोची डिझेल, फोर्डची टीडीसीआय यांच्यात पंप याच बेल्टवर आहे, तो पुढे वीस हजारावर गळला तर सगळं परत खोलायचं आणि मजुरी परत द्यायची. २.५ इनोव्हात पंप बाहेरच्या बेल्टवर आहे, तिथे तो गळत नसेल तर उगाच बदलायला लावू देऊ नका. कॅम आणि क्रँकची पुढची सीलं हाताशी येतात तेव्हाच बघून घ्या, ओली असतील तर बदला. काही इंजिनांत क्रँक पुलीचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, तो नवा घ्यायचा. पंप काढला तर कुलंट पण नवं, नळाचं पाणी नको.

बेल्ट गाडीच्या कंपनीचा घ्या किंवा गेट्स, काँटिटेक, डेको असल्या नावांचा, बेअरिंग आयएनए किंवा एसकेएफचं. डुप्लिकेट माल भरपूर आहे, त्यामुळे ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, पॅकिंगवरचा कोड स्कॅन होत असेल तर करून बघा. बेल्ट डिकीत घडी घालून, रबर बँड मारून, उन्हात ठेवायचा नाही. तो उलटा पिळला किंवा कडक दुमडला तर आतले काचेचे धागे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

गॅरेजमध्ये

मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: या इंजिनची लॉकिंग टूल्स आहेत का? कॅम आणि क्रँक जागेवर अडकवून ठेवायच्या त्या पिना. "व्हाइटनरने मार्किंग करतो ना साहेब, वीस वर्षं तसंच करतोय" असं उत्तर आलं तर साध्या जुन्या इंजिनला एकवेळ चालेल, पण कॉमन रेल डिझेल, म्हणजे हाय प्रेशर इंजेक्शनवालं अलीकडचं डिझेल इंजिन, त्याच्याकडे सोडू नका. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आहे का हे पण बघून घ्या, विचारायची गरज नाही, टूल बोर्डावर दिसतो.

शक्य असेल तर काम चालू असताना तिथे थांबा. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी आदल्या रात्री सोडलेली बरी. बॅटरीची वायर काढायची, कव्हरं काढायची, क्रँक फिरवून कॅम आणि क्रँकवरच्या खुणा जुळवायच्या, पिना लावायच्या आणि मगच टेन्शनर ढिला करायचा. हा क्रम उलटा झाला की गडबड. बेल्ट काढल्यावर क्रँक किंवा कॅम कोणी गंमत म्हणून फिरवायचा नाही. नवा बेल्ट चढवताना स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बसवायचा नाही, बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला. टेन्शनरवर काटा असेल तर तो सांगितलेल्या खुणेवर आला पाहिजे, अंदाजपंचे नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि घाईत सगळ्यात जास्त गाळली जाणारी. पिना काढायच्या, क्रँकच्या बोल्टवर रॅचेट लावायचा आणि इंजिन हाताने, सरळ दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवायचं. हळूहळू. कुठेही कडक अडलं तर जोर लावायचा नाही, थांबून परत बघायचं. दोन फेऱ्यांनंतर खुणा आणि पिना परत तंतोतंत बसल्या पाहिजेत आणि टेन्शनरचा काटा तिथेच असला पाहिजे. मिस्त्री थेट स्टार्टर मारायला निघाला तर त्याला थांबवा, पाच मिनिटांनी कोणाचं काही बिघडत नाही.

स्टार्ट झाल्यावर कव्हर लावायच्या आधी आवाज ऐका, कुलंटमधली हवा काढून घ्या, जुने पार्ट पिशवीत घालून मागा, आयडलर बोटाने फिरवून बघितला की किती वेळेवर आलात ते कळेल. टी-बेल्टचा दिवा असेल तर रीसेट करून घ्या. कव्हरवर परमनंट मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल प्रिंटरचं बिल वर्षभरात कोरं होतं. हजारभर किलोमीटरनंतर एकदा कुलंटची लेव्हल आणि खाली गळती बघा.

आणि तुटलाच तर

चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद पडलं आणि सेल्फ मारल्यावर नेहमीसारखं घुर्र-घुर्र न होता इंजिन हलकं, नुसतं सुसाट फिरल्यासारखा आवाज आला, तर तिथेच थांबा. परत सेल्फ मारू नका, एखादा वाचलेला वॉल्व पण त्यात जातो. स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, तेव्हा घाबरून न जाता डाव्या बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा, त्रिकोण मागे ठेवा आणि फ्लॅटबेड बोलवा. गिअरमध्ये ओढत न्यायची नाही.

गॅरेजला पोचल्यावर "इंजिन गेलं, नवं बसवा" असं कोणी पहिल्याच तासात सांगितलं तर मान हलवू नका. आधी बेल्ट का तुटला ते बघायला लावा, पंप किंवा आयडलर जाम आहे का. मग खुणा जुळवून तात्पुरता बेल्ट चढवून, इंजिन हाताने सावकाश फिरवून प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा सोडून कुठून सुटते ते तपासता येतं. इनटेककडून किंवा सायलेन्सरकडून फुस्स ऐकू आली तर त्या सिलिंडरचे वॉल्व वाकले, हेड उतरवावंच लागेल. हेड उतरल्यावर पिस्टनच्या डोक्याचे आणि वॉल्वचे फोटो मागा, पिस्टनवर नुसते अर्धचंद्रासारखे उथळ व्रण असतील आणि बाकी ठीक असेल तर पुष्कळदा वॉल्व, गाइड, सीलं आणि हेड गॅस्केटवर काम भागतं. पिस्टन फुटला असेल किंवा कनेक्टिंग रॉड वाकला असेल तर मात्र सेकंड हॅन्ड इंजिनचा भाव विचारायला हरकत नाही, आणि ते इंजिन आणलंत तर गाडीत बसवायच्या आधी, बाहेर असतानाच, त्याचा टायमिंग बेल्ट आणि किट नवं टाकून घ्या, तेव्हा ते काम सगळ्यात सोपं असतं.